कळा किती सोसायच्या?

कुठल्याही तालुक्याच्या गावात स्टँडवरून बाजारपेठेकडे चालू लागलं की दोन-तीन प्रसूतिगृहांच्या पाट्या लागतातच. 'वंध्यत्व निवारण', 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया', 'सोनोग्राफी' आणि बहुधा सगळ्यात खाली 'वेदनारहित प्रसूती'. पाटीवरची ही सोय आत लेबर रूमपर्यंत पोचते का, हे फारसं कुणी विचारत नाही. नववा महिना लागला तरी घरात चर्चा एवढीच चालते, की नॉर्मल होईल का सीझर. नॉर्मल म्हटलं की दुखणारच, आणि दुखणं नको असेल तर सीझर, असं समीकरण पक्कं बसलं आहे. या दोहोंच्या मधे बरंच काही आहे. त्यातलं काही फुकट आहे, काही स्वस्त आहे, काहीसाठी भूलतज्ज्ञ लागतो. त्यातलं बहुतेक मात्र कळा सुरू होण्याआधी ठरवून ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच होत नाही.

आपल्याकडच्या लेबर रूममधली एक विसंगती आधी सांगते. कळा मंद पडल्या की सलाइनमधून ऑक्सिटोसिन सोडतात. बायकांच्या भाषेत 'कळांचं इंजेक्शन'. त्याला कुणाचीच हरकत नसते, ना सासूची, ना नवऱ्याची, ना डॉक्टरांची. या औषधाने येणाऱ्या कळा अनेकींना आपसूक आलेल्या कळांपेक्षा जोरकस आणि लागोपाठ वाटतात. पण तीच बाई 'दुखायचं कमी होईल असं काहीतरी द्या' म्हणाली, की सगळ्यांची भाषा बदलते. 'थोडं सोस, आता होईलच.' 'आम्ही नाही का बाळंत झालो?' 'ओरडून ताकद घालवू नकोस.' कळा वाढवल्या तर तो उपचार, आणि कळा शमवल्या तर ते लाड! बाळाच्या ठोक्यांचा किंवा आईच्या रक्तदाबाचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. पण बहुतेक वेळा आड येतं ते वैद्यकशास्त्र नव्हे, बाईने सोसलंच पाहिजे ही समजूत.

मुळात दुखतं कुठे आणि का, हे कळलं की उपायांचा अंदाज येतो. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि पिशवीचं तोंड उघडत जातं. या वेदनेचे संदेश पाठीच्या खालच्या मणक्यांतून मेंदूकडे जातात, म्हणून ओटीपोटात आणि कमरेत कळ येते. दुसऱ्या टप्प्यात बाळ खाली सरकतं, तेव्हा ताण पडतो तो योनिमार्गावर आणि त्याभोवतीच्या स्नायूंवर. हे संदेश आणखी खालून, माकडहाडाच्या बाजूच्या नसांतून जातात. दोन टप्प्यांची वेदना अशी दोन वाटांनी येते. त्यामुळे 'तीन बोटं उघडलंय' तेव्हा पुरलेला उपाय जोर लावायच्या वेळी पुरेलच असं नाही.

वेदनेचं माप घेणंही अवघड. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती बाळंतिणींवरही वापरून पाहिली. पहिलटकरणींच्या कळांना मिळालेले सरासरी गुण दातदुखीच्या आणि मोडलेल्या हाडाच्याही वर निघाले. पण त्याच पाहणीत काहींना फारच कमी दुखलं होतं, तर काहींना असह्य. म्हणजे आईला सोपं गेलं म्हणून लेकीला सोपं जाईल याची हमी नाही, आणि शेजारणीला जे जमलं ते आपल्याला जमलंच पाहिजे असंही नाही.

हा वाद काही आपल्यापुरता नाही. एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७च्या जानेवारीत बाळंतपणात ईथर वापरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. बायबलातल्या ईव्हला वेदना सोसूनच लेकरं जन्माला घालण्याचा शाप आहे. मग वेदना पुसून टाकणं म्हणजे देवाच्या कारभारात ढवळाढवळ, हा आक्षेप येणारच होता. सिम्पसन यांनी त्यावर एक पुस्तिकाच लिहिली आणि बायबलातलाच उलट दाखला दिला: आदमची फासळी काढण्याआधी देवाने स्वतःच त्याला गाढ झोपवलं होतं. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर थोडं थोडं क्लोरोफॉर्म टाकून तिला हुंगवलं. त्रेपन्न मिनिटं हे चाललं होतं, अशी त्यांची नोंद आहे. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या पटकीचा उगम एका सार्वजनिक पंपापाशी शोधून काढणारे ते हेच स्नो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नापसंती दाखवली, पण राणीने १८५७ साली नवव्या बाळंतपणातही क्लोरोफॉर्म घेतलंच. 'सोस जरा' असं तिला सांगायची कुणाची छाती नव्हती, हेही खरं.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आपल्याकडे आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्या काळी आई आणि मूल जगतं की नाही हाच प्रश्न होता, दुखण्याचा विचार कुठून होणार? आज महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे सांगतात. २०१८-२०च्या नमुना नोंदणीनुसार राज्यातला मातामृत्यूंचा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३वर आला होता, देशाचा तेव्हा ९७ होता. जगण्याची लढाई पुरती संपलेली नाही, गडचिरोली-नंदुरबारात तर नाहीच. पण राज्याच्या मोठ्या भागात आता पुढचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे, आणि तो विचारला म्हणून बाई नाजूक ठरत नाही.

वेदनाशमनाच्या नावाखाली काय काय झालं आहे, हेही विसरून चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मॉर्फिन आणि स्कोपोलॅमिन देऊन बाळंतपण करण्याची पद्धत निघाली. तिला 'ट्वायलाइट स्लीप' म्हणत. १९१४च्या सुमारास अमेरिकेतल्या सुखवस्तू बायकांनी ती आपल्याकडेही मिळावी म्हणून चळवळ केली. बायकांना नंतर काही आठवत नसे, पण त्या क्षणी वेदना होतच असत. भ्रमात हातपाय झाडू नयेत म्हणून त्यांना पलंगाला बांधून ठेवावं लागे, आणि पोटातलं बाळही गुंगीत जाई. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली नवजात बाळाला गुण देण्याची पद्धत काढली, तिच्यामागे आईला दिलेल्या औषधांचा बाळावर काय परिणाम होतो ही काळजीही होती. आपल्या डिस्चार्ज कार्डावर 'अपगार ८/१०, ९/१०' असं जे लिहिलेलं असतं ते त्यांच्याच नावाने.

आता आपल्या लेबर रूममध्ये प्रत्यक्षात काय मिळतं ते पाहू. सर्वांत सहज मिळतं ते दंडात किंवा कमरेत घ्यायचं इंजेक्शन: ट्रॅमाडॉल, पेथिडिन, किंवा वॉर्डात 'फोर्टविन-फेनर्गन' या जोडनावाने ओळखली जाणारी जोडी. त्याने कळ जात नाही, तिची धार बोथट होते. दोन कळांच्या मधे डोळा लागतो, आणि थकलेल्या बाईला तेवढ्यानेही बरं वाटतं. मळमळ आणि गुंगी त्यासोबत येते. पेथिडिनसारखं औषध दिल्यावर काही तासांच्या आत बाळ झालं, तर ते सुस्त असू शकतं, श्वास घ्यायला आणि अंगावर ओढायला वेळ लावतं. म्हणून इंजेक्शन कधी द्यायचं याला महत्त्व आहे. 'दुखायचं कमी होईल' म्हणून आणखीही काही इंजेक्शनं दिली जातात, ड्रोटिन, एपिडोसिन वगैरे. ती मुळात पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून असतात, त्यांना वेदनाशामक समजू नये. आणि नावात 'एपि' असलं तरी पाठीतून दिल्या जाणाऱ्या एपिड्युरलशी त्यांचा काही संबंध नाही.

जिथे भूलतज्ज्ञ मिळत नाही तिथे काय करायचं, यावर मुंबईतच विचार झालेला आहे. वाडिया प्रसूतिगृहात काम केलेले डॉ. शिरीष दफ्तरी यांनी पार्टोग्राफवर कळांची प्रगती नोंदत, ठरावीक टप्प्यांना वेदनाशामकांचे छोटे डोस देण्याची एक शिस्तबद्ध पद्धत मांडली. 'प्रोग्रॅम्ड लेबर' या नावाने ती प्रसूतितज्ज्ञांना माहीत आहे. एपिड्युरलइतका आराम त्यात मिळत नाही, पण 'काहीच नाही'पेक्षा ती कितीतरी बरी.

एपिड्युरलबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळ्यांत परिणामकारक उपाय तोच आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याचेच. आधी हाताला सलाइन लावतात, रक्तदाबाचा पट्टा बांधतात. मग बाईला पलंगाच्या कडेला बसवून हनुवटी छातीला टेकवायला आणि मांजरीसारखी पाठ फुगवायला सांगतात. पोट एवढं पुढे आलेलं असताना हे सोपं नसतं. पाठीवर गार औषध फिरतं, मग कातडी बधिर करणारी बारीक सुई टोचते. त्यानंतर कमरेच्या दोन मणक्यांच्या मधून थोडी जाड सुई आत सरकते. कळ आली की भूलतज्ज्ञ हात थांबवतात, कारण त्या क्षणी हललं तर सगळं बिघडतं. सुईला सलाइन भरलेली सिरिंज जोडलेली असते आणि अंगठ्याने तिचा दट्ट्या सतत दाबून पाहतात. जोपर्यंत घट्ट अस्तरात सुई आहे तोपर्यंत दट्ट्या अडतो. योग्य पोकळीत टोक पोचलं की अचानक हलका होतो. तिथे थांबून सुईतून केसाहून थोडी जाड, मऊ नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत उरते ती फक्त नळी, सुई नव्हे. ती चिकटपट्टीने खांद्यापर्यंत आणून ठेवतात आणि तिच्यातून औषध हवं तसं वाढवता-थांबवता येतं. दहा-वीस मिनिटांत फरक पडू लागतो. मॉनिटरवर कळेची टेकडी चढताना दिसते आणि पोट आवळल्यासारखं वाटतं, पण आधीची ती धार गेलेली असते.

'पाठीत सुई घेतली आणि जन्माची कंबर गेली' हे वाक्य महाराष्ट्रात न ऐकलेली बाई सापडणार नाही. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. ही सुई त्याच्या खाली टोचतात. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, हे खरं. पण चाळीसच्या आसपास चाचण्या आणि अकरा हजारांवर बायका यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ साली घेतला, त्यात एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती सैल पडलेल्या सांध्यांनी, वाकून पाजण्याने, आणि सव्वा महिना संपताच भरलेला हंडा उचलण्याने.

दुसरी भीती सीझरची. शिकागोमध्ये सिंथिया वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसातशे पहिलटकरणींवर केलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. पाठीतून लवकर वेदनाशमन दिलेल्या गटात सीझरचं प्रमाण १७.८ टक्के होतं, आधी साधं इंजेक्शन घेऊन थांबलेल्या गटात २०.७. म्हणजे लवकर दिल्याने सीझर वाढलं नाही. पूर्वी दाट औषध देत, पाय जड पडत, जोर लावता येत नसे आणि मग व्हॅक्यूम किंवा चिमटा लावावा लागे. ब्रिटनमधल्या २००१च्या 'कॉमेट' चाचणीत जुन्या दाट डोसाने ३५ टक्के बायका आपल्या जोरावर बाळंत झाल्या, पातळ डोसाने ४३ टक्के. आता पातळ डोसच द्यायचा असतो. तरीही तो कुठे आणि किती दिला जातो, हे विचारून घ्यावं.

एपिड्युरलची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सुरुवातीला दर पाच मिनिटांनी मोजतात. लघवी कळेनाशी होते, नळी घालावी लागते. काहींना ताप येतो, खाज सुटते. जोर लावायचा टप्पा लांबतो. साधारण शंभरातल्या एकीला सुई थोडी पुढे गेल्याने तीव्र डोकेदुखी होते, बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की उतरणारी. तिच्यावर उपचार आहे, पण तान्हं मूल मांडीवर असताना ती नकोशी होते. दहातल्या एखादीला नळी नीट लागू पडत नाही आणि एका बाजूला दुखत राहतं. नसेला कायमची इजा होणं फार दुर्मीळ आहे, हजारोंत एखादं. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, तर एपिड्युरल देत नाहीत. उलट हृदयविकार असलेल्या किंवा रक्तदाब वाढलेल्या काही बायकांना डॉक्टर स्वतःच ते सुचवतात.

मग ते सर्रास का मिळत नाही? फ्रान्समध्ये पाचातल्या चारांहून जास्त बायका एपिड्युरल घेतात. चीनने २०१८ साली नऊशेंहून अधिक रुग्णालयांत त्याचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे भूलतज्ज्ञ मोजके आणि तेही शहरांत एकवटलेले. ग्रामीण भागात निदान तातडीचं सीझर तरी व्हावं म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण देण्याची योजना सरकारला काढावी लागली, यावरून काय ते समजावं. सरकारी रुग्णालयात जो एक भूलतज्ज्ञ असतो तो ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला. खाजगीत तो एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात गाडी पळवत असतो. सीझरला त्याचा तास-दीड तास जातो आणि काम संपतं. एपिड्युरल लावलं की पुढचे सहा-आठ तास कुणीतरी जाणतं माणूस त्या बाईजवळ हवं. हिशेब इथे अडतो. २०१९-२१च्या त्याच पाहणीत देशात खाजगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणं सीझरने झाली होती, सरकारीत १४ टक्के. ही तफावत केवळ भुलीमुळे नाही, त्यामागे पैसा आहे, सोय आहे, मुहूर्तही आहे. पण कळांच्या धास्तीने 'करून टाका सीझर' म्हणणाऱ्या बायका आणि त्यांच्या आया यांत आहेतच. दुखणं टाळायला पोट फाडून घ्यायचं, आणि मग ते टाक्यांचं दुखणं घेऊन मूल सांभाळायचं, हा सौदा मला तरी कधी पटलेला नाही.

एक उपाय मात्र फुकट आहे. कळांच्या पूर्ण वेळात ओळखीचं, धीर देणारं माणूस जवळ असेल तर बाळंतपण थोडं लवकर आटोपतं, सीझरचं प्रमाण कमी होतं आणि औषधांची गरजही घटते. हे चाचण्यांनी सिद्ध झालेलं आहे. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवायची मुभा दिली, आणि लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ती आहे. तरीही कित्येक ठिकाणी आई दाराबाहेर बाकावर बसलेली आणि लेक आत एकटी, हेच दृश्य. कारण सांगतात ते जागेचं: एका खोलीत तीन-चार टेबलं, मधे पडदा नाही, मग बाहेरचं माणूस कसं घ्यायचं? पडद्याला किती खर्च येतो?

कमरेवर तळव्याने जोरात दाबून धरणं, गरम पाण्याची पिशवी, फेऱ्या मारणं, गुडघ्यांवर ओणवं होणं, शॉवरखाली उभं राहणं, या गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींशी जुळणाऱ्याच आहेत. जुन्या सुइणी यातलं बरंच करत होत्या. आपण त्यांच्या हातची घाण टाळली ते योग्यच, पण त्यासोबत हातही टाकून दिले. काही मोठ्या रुग्णालयांत एन्टोनॉक्स मिळतो: नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे. मुखनळी बाईने स्वतः धरायची, कळ सुरू होतेय असं वाटताच ओढायला लागायचं, कारण परिणाम व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. कळ टोकाला गेल्यावर ओढला तर गरगरण्याखेरीज हाती काही लागत नाही. वेदना पूर्ण जात नाही, पण लगाम आपल्या हातात राहतो, आणि अनेकींना तेवढंच हवं असतं.

काहीही न घेता बाळंत व्हायचं ठरवणारीही असते, आणि तिलाही कुणी वेड्यात काढू नये. ठरवून सोसणं आणि सोसायला लावणं यांत फरक आहे. तो फरक कायद्यालाही कळतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं, की सज्ञान आणि शुद्धीवर असणाऱ्या रुग्णाच्या वतीने तिच्या आईची संमती चालत नाही. तरीही आपल्याकडे एपिड्युरलचा कागद आधी जावयाच्या हातात जातो आणि तो सासूकडे बघतो.

म्हणून एवढं करा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर माहेरच्या डॉक्टरांकडे सातव्या महिन्यातच एक चक्कर मारा. भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजता किती वेळात येतात आणि लावून निघून जातात की कुणी थांबतं, हे विचारा. एपिड्युरल नको असेल तर दुसरं काय देता, सोबतीला आत कोण येऊ शकतं, खर्च किती, हेही विचारा. प्लेटलेटचा रिपोर्ट फायलीत असू द्या. बाईने काय ठरवलं आहे ते फायलीच्या पहिल्या पानावर तिच्याच सहीने लिहा, आणि ऐनवेळी मत बदलायची तिला मुभा आहे असंही त्याखाली लिहा. 'ते तेव्हाचं तेव्हा बघू' असं उत्तर आलं, तर दुसरं हॉस्पिटल शोधायला हाताशी अजून दोन महिने आहेत.